शंतनूचं पोट

पित्र्यांच्या शंतनूचं पोट हे दुर्गाबाईंचं खातं होतं. ठाकूरद्वारच्या त्यांच्या वाडीत कुणालाही विचारा. लग्नाच्या पंगतीत वाढपी भजी घेऊन आला, की पलीकडच्या रांगेतून दुर्गाबाईंचा आवाज यायचाच, "त्याला नको हो, बाधतं त्याला!" मग शंतनू दहावीत असो नाहीतर नोकरीला लागलेला असो. पोरगा बिचारा लाजून पानात तोंड घालायचा, आणि दुर्गाबाई शेजारणीला सांगायच्या, "फार नाजूक पोट आहे त्याचं. मलाच ठाऊक."

त्या 'मलाच'वर त्यांचा फार जीव होता, कारण बाकी मुलगा सगळा बापावर गेलेला. नाक शरच्चंद्रांचं, केसांचा भोवरा शरच्चंद्रांचा, चालताना एक खांदा किंचित पाडायची लकबसुद्धा शरच्चंद्रांचीच. बारशाला समोरच्या खोलीतल्या रखमामावशींनी पाळण्यात डोकावून चारचौघींत म्हटलं होतं, "अगंबाई, दुर्गा, तुझं काहीच घेतलं नाही गं याने!" बायका हसल्या. दुर्गाबाईही हसल्या, पण ते वाक्य त्यांनी आजतागायत सोडलेलं नाही. ओकाऱ्या कुणी काढल्या, पाय कुणाचे सुजले, आणि छापा मात्र बापाचा! हा कुठला न्याय?

पण पोट दुखलं की पोरगं यायचं ते आईकडे. संध्याकाळी सदरा वर करून समोर उभा राहायचा, पोटाला अशी तडस लागलेली की टिचकी मारली तर वाजावं. मग दुर्गाबाई हिंग कोमट पाण्यात कालवून बेंबीभोवती चोळायच्या, ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकायच्या आणि शेवटी पेलाभर गरम दूध पाजून झोपवायच्या. तो त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणायचा, "आई, तुझा हात लागला की बरं वाटतं." शंतनू कॉलेजात गेला, नोकरीला लागला, तरी हे चालूच राहिलं. शरच्चंद्र पेपराआडून बघायचे आणि म्हणायचे, "पुरे झालं. घोडा झालाय तो." दुर्गाबाई लक्षसुद्धा द्यायच्या नाहीत.

मग शंतनूचं लग्न झालं. नम्रता नायगावची, पोलीस वसाहतीत वाढलेली, वडील हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पोरगी चटपटीत, एका ऑडिट फर्ममध्ये नोकरीला. दोघांनी प्रभादेवीला भाड्याने जागा घेतली. दुर्गाबाईंना सून नावडती होती असं मुळीच नाही. त्यांनी हौसेने पाटल्या केल्या तिला. पण आवडणं वेगळं आणि ताबा सोडणं वेगळं.

ठिणगी पडली ती एका रविवारी. मुलगा-सून जेवायला येणार म्हणून दुर्गाबाईंनी सकाळपासून दूध आटवून बासुंदी केली होती. वाटी पुढे केली, तर शंतनूने हातानेच थांबवली.

"आई, मला दूध बंद आहे."

"बंद? कुणी केलं बंद?"

"अगं, पोट फुगायचं ना माझं, ते दुधाने. नम्रताने शोधून काढलं."

नम्रताने! एकतीस वर्षं जे पोट मी चोळलं, ते हिने वर्षभरात शोधून काढलं! दुर्गाबाईंच्या हातातला डाव पातेल्यातच राहिला.

नम्रता बिचारी सरळपणे सांगायला लागली, "आई, आम्ही एकेक गोष्ट थोडे थोडे दिवस बंद करून बघितली. आधी कडधान्यं, मग गहू, मग दूध. दूध थांबवल्यावर पोट एकदम शांत! मग डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी श्वासाची कसलीशी तपासणी केली. म्हणाले, दुधातली साखर याला पचत नाही. लहान मुलांना पचते, पण मोठेपणी बऱ्याच जणांची ती ताकद कमी होते. मग ती साखर तशीच आतड्यात खाली जाते, तिथले जंतू तिच्यावर ताव मारतात आणि गॅस धरतो. ताक, दही चालतं. विरजणाने त्यातली साखर कमी झालेली असते ना."

"आणि सावकाश जेवायला लावते ही," शंतनू म्हणाला. "जेवण झालं की शिवाजी पार्कपर्यंत चालायला नेते."

"आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दूध पितात," दुर्गाबाई म्हणाल्या. "कुणी मेलं नाही."

त्यांनी मुलाकडे नीट बघितलं. पूर्वी जेवण झालं की तो पट्टा सैल करून दिवाणावर आडवा व्हायचा. त्या दिवशी उठला तो थेट खिडकीत जाऊन उभा राहिला, सदरा खोचलेला, पोट सपाट. आईने खूश व्हायला नको? व्हायला हवं होतं. पण दुर्गाबाईंचा नुसता जळफळाट झाला. सून ओट्याशी भांडी घासत होती, तिच्या पाठीकडे बघून त्यांच्या मनात आलं, घेतलास, माझा मुलगा घेतलास, चालेल, तेवढ्यासाठीच असतात लग्नं. पण ते पोट कशाला घेतलंस गं माझं?

मुलं गेल्यावर उरलेली बासुंदी त्यांनी रागारागाने स्वतःच संपवली, आणि संध्याकाळी परकराची नाडी सैल करून कुशीखाली उशी दाबून पडून राहिल्या. ते त्यांचं रोजचंच होतं. त्याला काही नाव नव्हतं. शरच्चंद्र खुर्चीतून म्हणाले, "त्याचं दुखायचं थांबलं, आता तुझ्या पोटात दुखायला लागलं का?"

"गप्प बसा हो तुम्ही!"

मेट्रो झाल्यापासून शंतनूला प्रभादेवीहून फोर्टला जाताना मधे गिरगावला उतरणं सोपं झालं होतं. दुर्गाबाईंनी फर्मान काढलं, "मंगळवारी आणि शुक्रवारी डबा माझा. सकाळी येऊन घेऊन जायचा." नम्रता म्हणाली, "बरंच झालं आई, मलाही सुट्टी." या बायका अशा गोड बोलतात, की माणसाला भांडायलाही जागा ठेवत नाहीत.

डब्यात दुर्गाबाई द्यायच्या दशम्या. घराबाहेर पडणाऱ्याबरोबर दशम्या बांधून द्यायच्या, ही त्यांच्या माहेरची रीत. आई त्यांच्या वडिलांना फिरतीवर जाताना द्यायची, त्यांना स्वतःला सासरी येताना दिल्या होत्या. मुलगा घर सोडून प्रभादेवीला गेला, म्हणजे तोही प्रवासीच. मऊसूत दशम्या, सोबत लसणीची कोरडी चटणी आणि गुळाचा खडा. शंतनू पहिल्याच दिवशी फोन करून म्हणाला, "आई, काय झाल्यात गं! डबा उघडला तर साहेबांनी दोन पळवल्या." दुर्गाबाईंनी पुढच्या खेपेला जास्त घातल्या.

दोन-तीन आठवड्यांनी नम्रताचा फोन आला.

"आई, शंतनूचं पोट परत फुगायला लागलंय. काल रात्रभर तळमळत होता. डब्यात दूध नव्हतं ना कशात?"

"दूध?" दुर्गाबाईंचा आवाज चढला. "एक थेंब दिलेला नाही मी त्याला! सकाळी आला तर चहासुद्धा कोरा दिला. मी काय वैरीण आहे त्याची?"

"तसं नाही हो आई, सहज विचारलं."

फोन ठेवला आणि दुर्गाबाईंना काय वाटलं, ते सांगायलाही लाज वाटावी. आनंद झाला! मुलगा रात्रभर तळमळला, आणि आईला आनंद! पण झाला, त्याला काय करणार. बघ म्हणावं, मोठी शोध लावणारी! दूध सोडून झालं काय? पोट जिथल्या तिथे! त्यांनी लगेच उलटा फोन लावला. "त्याला संध्याकाळी इकडे पाठव. हिंग लावते."

आणि शंतनू आला. दिवाणावर आडवा झाला, पट्टा सैल केला. दुर्गाबाईंनी हिंगाची वाटी घेतली. तीच तडस, तोच टणक घुमट, आणि बेंबीभोवती फिरणारी त्यांची तीच बोटं. शंतनू डोळे मिटून म्हणाला, "बरं वाटतंय गं." दुर्गाबाईंना वाटलं, स्वर्ग म्हणतात तो याहून काय वेगळा असणार!

असं दोन महिने चाललं. मंगळवार-शुक्रवार डबा, आणि दर डब्यानंतर पोट. मुलगा आता सुनेवर चिडायला लागला होता, हे दुर्गाबाईंच्या कानावर येत होतं. "उगाच माझं सगळं तोडलंस," असं तो तिला म्हणाला म्हणे. दुर्गाबाई वरवर म्हणायच्या, "असं बोलू नये रे बायकोला." आतून मात्र त्यांना त्या बोलण्याची चव लागली होती.

मग एका बुधवारी शंतनू पडल्या चेहऱ्याने आला. "आई, डॉक्टर म्हणतात, दूध सोडूनही त्रास होतोय तर एकदा दुर्बीण घालून बघू या. सोमवारी सकाळी बोलावलंय."

"दुर्बीण? कुठून घालणार?"

"तोंडातून. आणि गरज पडली तर... खालूनही. काही वाईटसाईट नाही ना, ते बघून घेतात."

हिंगाची वाटी दुर्गाबाईंच्या हातात तशीच राहिली. वाईटसाईट. शंतनूच्या कपाळावर घाम होता, आणि त्या दिवशी तो "बरं वाटतंय" असं काही म्हणाला नाही. आनंदबिनंद कुठल्या कुठे पळाला. शरच्चंद्रांनी त्या रात्री पेपर उघडलासुद्धा नाही.

शनिवारी सकाळी दारात नम्रता. एकटीच. केस कसेतरी बांधलेले, डोळ्यांखाली काळं.

"आई, मला तुमच्या दशम्या शिकवा."

दुर्गाबाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. आता हेही न्यायला आलीस का? मंगळवार-शुक्रवारही नकोत का मला?

"सोमवारनंतर त्याला काय खायला मिळेल कुणास ठाऊक," नम्रता म्हणाली. "माझ्या हातचं काही गोड लागत नाही त्याला आता. सारखा म्हणतो, आईच्या दशम्या, आईच्या दशम्या. आमच्याकडे भाकरी असायची नाहीतर चपाती. मला वाटलं, तुमच्याकडून शिकून घेऊ, उद्या रात्री करून घालू त्याला."

आता अशा बाईवर रागवायचं तरी कसं? दुर्गाबाईंनी परात ओढली, कणीक चाळली. कुणी शिकायला बसलं की त्यांची जीभ सैल सुटायची, ती सुटली. "हे बघ, मीठ घाल चिमूटभर. थोडं तुपाचं मोहन. आणि मुख्य म्हणजे, याला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. म्हणून तर ही प्रवासाला चालते, दोन दिवस टिकते. आमची आई तर परातसुद्धा कोरडी पुसून घ्यायची. सगळी कणीक नुसत्या..."

हातातलं पातेलं त्यांनी कणकेवर कलतं केलं होतं. पांढरी धार परातीत पडत होती.

"...दुधात भिजवायची," त्यांनी वाक्य पुरं केलं, आणि स्वतःचंच वाक्य त्यांच्या कानांत शिरलं.

नम्रता परातीकडे बघत होती. दुर्गाबाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"भाजल्यावर कुठे राहतं गं दूध? तव्यावर उडून जातं की सगळं."

"पाणी उडतं, आई. दुधातली साखर तशीच राहते."

"पण हे दूध नाही, ही दशमी आहे!" दुर्गाबाई ओरडल्याच. आणि हे त्यांना खरंच तसं वाटत होतं, देवाशपथ. दूध म्हणजे पेल्यातलं, चहातलं, बासुंदीतलं. कणकेत गेलं की ती कणीक झाली. चाळीस वर्षं त्या दशम्या करत होत्या, आणि चाळीस वर्षांत दशमीला दूध म्हणावं असं त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं.

पण मग दुसरं काहीतरी मनात आलं, आणि ते फार बोचलं. नम्रताचा पहिला फोन आला, तेव्हा घडीभर बसून काय काय घातलं ते आठवलं असतं, तर कळलं नसतं का? त्यांना आठवायचंच नव्हतं. पोरगं हाताखाली येत होतं, तेवढं पुरत होतं त्यांना. आणि त्यापायी परवा त्याच्या घशात नळी जाणार होती. त्या ओट्याला टेकून मटकन खाली बसल्या आणि कणकेच्या हातांनी तोंड झाकून रडायला लागल्या.

"मी मुद्दाम नाही गं केलं."

"मला माहीत आहे, आई."

"त्याला सांगू नकोस. माझं तोंड बघणार नाही तो."

नम्रता त्यांच्याशेजारी फरशीवर बसली. "मी नाही सांगणार. ती चहाडी होईल. तुम्हीच सांगा." थोडं थांबून ती म्हणाली, "तुम्हाला एक सांगू? मी पण जळत होते तुमच्यावर. मी डोकं फोडून शोधून काढलं, आणि तो पोट घेऊन धावत तुमच्याकडे! मला वाटायचं, एकदा तरी माझ्या हाताने बरं वाटू दे याला."

दुर्गाबाईंनी तोंडावरचे हात काढले. ही माझ्यावर जळत होती? माझ्यावर? त्यांना रडता रडता किंचित बरं वाटलं. स्वभाव काय लगेच जातो होय!

त्या उठायला गेल्या आणि सवयीने एक हात पोटावर दाबून "आई गं" म्हणाल्या. सकाळपासून दोन कप चहा झाले होते, साईसकट.

"काय होतंय?" नम्रताने विचारलं.

"काही नाही. धरतं जरा. बायकांचं असतंच."

"कधीपासून?"

कधीपासून! हा प्रश्न त्यांना उभ्या जन्मात कुणी विचारला नव्हता. नवऱ्याने नाही, मुलाने नाही, इतकंच काय, त्यांनी स्वतःसुद्धा नाही. "शंतनूच्या आधीपासून. लग्नाच्याही आधीपासून. संध्याकाळ झाली की नाडी सैल करावी लागते. रात्री दूध पिऊन उशी दाबून पडते, मग लागते कधीतरी झोप."

नम्रता त्यांच्याकडे बघतच राहिली, आणि मग एकदम हसली. "अहो आई, म्हणजे शंतनूचं पोट तुमच्यावर गेलंय! पुष्कळदा घराण्यातूनच येतं हे. बाबा तर पातेलंभर दूध पितात, त्यांना ढिम्म काही होत नाही."

"काय म्हणालीस?"

"तुमच्यावर गेलंय. अगदी तुमचंच पोट आहे त्याचं. तुम्हालाही एकदा डॉक्टरांकडे नेते, तपासून घेऊ."

दुर्गाबाई ओट्याला धरून तशाच उभ्या राहिल्या. मग हात धुतले, पदराने डोळे पुसले आणि फोन उचलला. शंतनू झोपेतून उठला होता. त्यांनी काही लपवलं नाही. "दशमीत दूध असतं रे. सगळी कणीक दुधात भिजवते मी. माझ्या लक्षातच आलं नाही, आणि मी लक्षात आणूनही घेतलं नाही. डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता फोन कर, आणि हे सांग."

दुर्गाबाईंचा जीव टांगणीला.

"म्हणजे आता दशम्या बंद?" शंतनूने विचारलं.

एवढं सगळं ऐकून पोराला पडली होती ती दशम्यांची! दुर्गाबाईंना परत रडू फुटलं. "नारळाच्या दुधात भिजवीन रे. हिलाही शिकवते."

डॉक्टरांनी दुर्बीण पुढे ढकलली, महिनाभर बघू म्हणाले, आणि महिनाभरात पोट असं गप्प झालं की दुर्बिणीचा विषयच निघाला नाही. दुर्गाबाईंचीही तपासणी झाली. निकाल ऐकताना आजी पास झाल्यासारख्या का हसतायत, ते काही डॉक्टरांना कळलं नाही. त्यांनी चहा कोरा केला, रात्रीचा पेला सोडला, राजमा-छोले भरपूर भिजवून पाणी फेकून शिजवायला लागल्या, आणि संध्याकाळी शरच्चंद्रांना ओढून चौपाटीपर्यंत चालायला न्यायला लागल्या. उशी आता डोक्याखाली असते.

मग शरच्चंद्रांचा वाढदिवस आला. घरात सगळी जमली होती. रखमामावशी ऐंशीच्या झाल्या तरी काठी टेकत समोरून आल्या, खुर्चीत बसल्या आणि पाट मांडणाऱ्या शंतनूकडे चष्म्यातून बघत म्हणाल्या, "हुबेहूब बाप गं! दुर्गा, तुझं खरंच काहीच घेतलं नाही याने."

दुर्गाबाई बासुंदीचं पातेलं घेऊन येत होत्या. त्यांनी शरच्चंद्रांना वाढली, नम्रताला वाढली, मावशींना वाढली. शंतनूच्या आणि स्वतःच्या पानाशी ताकाची वाटी ठेवली.

"तू नाही घेत, दुर्गा?" मावशींनी विचारलं. "आणि याला का नाही?"

दुर्गाबाई पातेलं हातात तसंच धरून ताठ उभ्या राहिल्या. "यांना वाढा हो कितीही," त्या नवऱ्याकडे हनुवटी उडवून म्हणाल्या, "दगड घातले तरी पचतील. आमचं पोट तसलं नाही."

"आमचं म्हणजे कुणाचं?"

"माझं आणि माझ्या मुलाचं," दुर्गाबाई म्हणाल्या. "सगळं बापावर गेलं असेल मावशी, पोट माझ्यावर गेलंय. डॉक्टरांनी तपासून सांगितलंय!"